एकेचाळिसावं प्रकरण

६ जानेवारी, मंगळवार

बाईंनी आज रात्रीच्या वर्गात सांगितलं, वाचनाची रोजनिशी ठेवा. "वाचलेल्यावर दोन ओळी लिहा, मनात येईल ते लिहा, मी काही तपासणार नाही." तपासणार नाही म्हटल्यावर निम्मा वर्ग लिहिणारच नाही. मी लिहीन. या पेपरात मी दोनदा आपटलोय आणि आता तिसऱ्यांदा आपटलो तर कायमचाच.

पेपर म्हणजे एक कादंबरी. परदेशी, दीडशे वर्षांपूर्वीची, आपल्या भाषेत आणलेली, पानं सहाशे चाळीस. उशाला घेतली तर मान आखडेल. पदवीचे बाकीचे सगळे पेपर सुटले, ही एक धोंड गळ्यात राहिली. जुना अभ्यासक्रम या वर्षी बंद होतोय, म्हणजे ही शेवटची संधी. आणि कंपनीत निरीक्षकाची जागा रिकामी होते आहे, तिला पदवी लागते. तेवीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतोय. दोराला हात लावला की तो अजून किती दिवस काढेल ते सांगतो. पण त्या खुर्चीत बसायचं तर कोणा लाकूडवाल्याचं आणि त्याच्या मुलाचं का बिनसलं ते माहीत पाहिजे. असो, नियम तो नियम.

मागच्या दोन्ही वेळा गाइड पाठ करून गेलो होतो. सगळेच जातात. पहिल्यांदा तीस मिळाले, दुसऱ्यांदा तेहेतीस. पास व्हायला चाळीस लागतात. या वेळी ठरवलं, मूळ पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. आमच्या धंद्यात आत डोकावल्याशिवाय झाकण लावत नाहीत.

बायको म्हणाली, "सहाशे चाळीस? अहो, वर्तमानपत्र उघडलं की घोरता तुम्ही."

९ जानेवारी

बावीस पानं झाली. बावीस पानांत वखारीचं कुंपण संपेना. कोणत्या झाडाचं लाकूड, कोणत्या साली रंगवलं, कोणता कुत्रा कुठून आत यायचा. त्या कुत्र्याला आजोबासुद्धा आहेत. लेखकाला पानामागे पैसे मिळत असणार.

१५ जानेवारी

दुपारच्या सुट्टीत गच्चीवरच्या मशीन रूममध्ये बसून वाचतो. खाली कोणी शांतता देत नाही. मोटर चालू झाली की ओळ विसरायला होते, मग पुन्हा पहिल्यापासून. एका पानाला किमान तीन वेळा लिफ्ट वर येते.

एकशे दहाव्या पानावर एकदाची आग लागली. वखारीत. एक मजूर मागच्या फाटकाशी जळून मेला, कारण फाटकाला कुलूप होतं. प्रश्न असा की किल्ली कोणाकडे होती. बाप म्हणतो, मला माहीत नाही. कोर्टात मुलाला विचारतात तेव्हा तो सरळ सांगतो, किल्ली बाबांच्या खिशात होती. बाप त्याला घराबाहेर काढतो.

मुलगा मला पटला. बाप असला म्हणून काय झालं? खरं ते खरं. वर्गात सगळे "बिचारा बाप, बिचारा बाप" करत होते. बिचारा तो मजूर.

२० जानेवारी, मंगळवार

बाईंचं शिकवणं तसं छान. बावीस वर्षं ही एकच कादंबरी शिकवतात. पुस्तक हातात धरत नाहीत, जुन्या पिवळ्या पडलेल्या वहीतून बोलतात, डोळे मिटूनसुद्धा. आज म्हणाल्या, "एकेचाळिसाव्या प्रकरणाला पोहोचाल तेव्हा रुमाल जवळ ठेवा." आणि पुलावरच्या भेटीचा प्रसंग सांगितला. तीस वर्षांनी मुलगा गावात परत येतो, बर्फ पडत असतं, तो पुलावर उभा राहून घराकडे बघत राहतो. म्हातारा बाप आपला कोट घेऊन लटपटत पुलापर्यंत येतो आणि काही न बोलता तो कोट मुलाच्या खांद्यावर टाकतो. सांगता सांगता बाईंचा आवाज गेला. बँकेचा पहारेकरी, ज्याने वर्षभरात एक शब्द उच्चारला नाही, तोही नाक पुसत होता.

शेजारच्या बाकावरच्या नर्सबाई मला म्हणाल्या, "दरवर्षी येतो हा. वीस मार्क. पूल आला म्हणजे पास झालो समजा."

२५ जानेवारी, रविवार

आज वाचन कमी झालं. सकाळपासून डोक्याला ताप.

धाकटा भाऊ नवीन जागेत राहायला गेलाय. मला नाही, बायकोला फोन करून जेवायला बोलावलं. "दादाला पण आण" असं म्हणाला म्हणे. मला बोलवायचं तर मला फोन करावा. माझा नंबर बदललेला नाही.

चार वर्षं आम्ही बोलत नाही. तोही आमच्याच कंपनीत होता, मीच लावला होता. एका इमारतीच्या तपासणीच्या वहीत त्याने सही केली की लिफ्ट तपासली, ठीक आहे. तपासली नव्हती. त्या दिवशी तो तिथे गेलाच नव्हता. दोन दिवसांनी ब्रेकने दगा दिला आणि एक म्हातारे गृहस्थ दोन मजल्यांच्या मधे अडीच तास अडकले. जीव वाचला, नशीब त्यांचं. चौकशीला मला पाठवलं. मी अहवाल दिला. भाऊ म्हणून झाकून ठेवणं मला जमलं नाही आणि जमणारही नाही. त्याची नोकरी गेली. न बघता सही, याच्याइतकी घाणेरडी गोष्ट आमच्या धंद्यात दुसरी नाही.

बायको म्हणाली, "चला ना. चार वर्षं झाली."

मी तयार झालो होतो, अगदी इस्त्रीचा शर्ट घालून. बायको दारात चपला घालून उभी. मग वाटलं, आपण का म्हणून जायचं? चुकलं त्याचं. आणि पुस्तकाची अडीचशे पानं राहिलीत. शर्ट काढून खुंटीला लावला आणि वाचत बसलो. ती एकटी गेली.

येताना डबा घेऊन आली. चव चांगली होती.

२ फेब्रुवारी

एकेचाळिसावं प्रकरण आलं. मशीन रूममध्ये खरोखर रुमाल घेऊन बसलो होतो, खोटं कशाला लिहू.

पुलावर कोणी येतच नाही!

मुलगा पुलावर उभा आहे, बर्फ पडतंय, इथपर्यंत बरोबर. बाप खिडकीतून त्याला बघतो. कोट घालतो. बटणं लावतो, लेखकाने सगळी सहा बटणं मोजून लावून घेतली आहेत. दारापर्यंत जातो. कडीवर हात ठेवतो. मग परत फिरतो, बटणं काढतो, कोट खुंटीला लावतो आणि शेगडीपाशी बसतो. अंधार पडल्यावर मुलगा निघून जातो. पुढच्या प्रकरणात बाप मरतो. बस. का परत फिरला, एक अक्षर नाही. सहाशे पानांत कुत्र्याच्या आजोबांसकट सगळं सांगणारा माणूस इथे गप्प!

चार वेळा वाचलं. मागची पुढची प्रकरणं चाळली. जेवायची सुट्टी संपून वर वीस मिनिटं गेली, खालून शिव्या ऐकू यायला लागल्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना विचारलं. म्हणाल्या, "तुमच्या प्रतीतली पानं गळली असतील. जुनी प्रत दिसते."

वर्ग हसला.

६ फेब्रुवारी

पानं गळलेली नाहीत. शिलाई बघितली, आकडे लावून बघितले, पाचशे ऐंशी ते सहाशे, एकही तुटलेलं नाही. तरी शनिवारच्या ऐवजी आजच रजा टाकून वाचनालयात गेलो आणि दुसऱ्या अनुवादकाची प्रत काढून बघितली. तिथेही तेच, कोट घातला, कोट काढला. फक्त या अनुवादात बटणं पाच आहेत.

नर्सबाईंची प्रत मागितली. कोरी करकरीत. पानं एकमेकांना चिकटलेली, वेगळी करताना आवाज आला. त्या जरा ओशाळल्या, म्हणाल्या, "अहो, पाळ्या करून घर करून कधी वाचणार? गाइड आहे ना." पहारेकऱ्याने तर पुस्तक घेतलेलंच नाही. अख्ख्या वर्गात कादंबरी वाचलेला मी एकटा, आणि पानं गळलेला पण मीच.

गाइडमध्ये मात्र पूल ठसठशीत आहे. अडीच पानं. "पित्याचे हृदयपरिवर्तन" असा मथळा. गाइड लिहिणाऱ्याचं नाव नाही, नुसतं "एक अनुभवी प्राध्यापक".

१० फेब्रुवारी

मागच्या तासाला बाईंना दिलेला निबंध परत मिळाला. वीसपैकी चार. मी लिहिलं होतं की बाप शेवटपर्यंत बदलत नाही, प्रकरणाचा आणि पानाचा आकडा देऊन लिहिलं होतं. खाली लाल शाईत शेरा: "मूळ कादंबरी काळजीपूर्वक वाचावी."

मी तो कागद बायकोला दाखवला तर ती पोट धरून हसायला लागली. मला हसू येईना. नर्सबाईंना सोळा.

१३ फेब्रुवारी

आज मी जास्त बोललो. दोन्ही प्रती घेऊन गेलो होतो, खुणेला कागद घालून. बाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, "पूल दाखवा."

"गेली बावीस वर्षं मी हा प्रसंग शिकवते आहे."

"शिकवता हो. वाचलाय का तुम्ही?"

बाईंनी वही मिटली, पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "आजचा तास इथेच थांबवू."

बाहेर नर्सबाईंनी मला गाठलं. "परीक्षा महिन्यावर आलीय आणि तुम्ही बाईंना घालवलंत! काय मिळालं?" मी म्हटलं, खरं विचारलं. "खरं विचारायची पण एक पद्धत असते," असं म्हणून त्या फणकाऱ्याने गेल्या. चूक बाईंची आणि शिष्टाचार मी शिकायचा.

१७ फेब्रुवारी

बाई आल्या नाहीत. वर्गात कोणी माझ्याशेजारी बसलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाई आल्या. तास नेहमीसारखा घेतला, दुसऱ्याच प्रकरणावर. संपल्यावर मला थांबवून घेतलं. खडूने माखलेली बोटं रुमालाला पुसत राहिल्या बराच वेळ.

"मी वाचली," म्हणाल्या. "चार दिवस रजा घेतली आणि वाचली. नाहीये तो प्रसंग."

मला वाटलं होतं, हे ऐकून मला बरं वाटेल. विशेष काही वाटलं नाही.

म्हणाल्या, "मी विद्यार्थिनी होते तेव्हा आमच्या सरांनी तो असाच सांगितला होता. तेच लिहून मी पहिली आले. मग नोकरी, मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण. वाचायचं वाचायचं म्हणत राहिले. नंतर तर वाटायला लागलं की वाचलेलीच आहे. पुलाची फळी न् फळी दिसते मला."

मग त्या एकदम चिडल्या. "दरवर्षी तो प्रसंग शिकवताना मला रडू येतं. बावीस वर्षं. यंदा ते गेलं. तुम्हाला काय, तुम्ही पान दाखवून मोकळे!"

पुस्तकात नाही म्हटल्यावर रडायचं कशाला हे मला खरंच कळलं नाही, पण तोंड बंद ठेवलं. मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. "हे बघा. परीक्षेत पूल लिहा. पेपर तपासणारे याच नोट्सवर शिकलेत. नाही लिहिलात तर वीस मार्क गेले."

"म्हणजे न बघता सही करायची."

"हो. करायची. तुमची पदवी त्या सहीवर अडलीय."

"आणि तुम्ही पुढच्या वर्षी काय शिकवणार?"

त्यांनी दिवा बंद केला आणि म्हणाल्या, "ते मला नका विचारू अजून."

१ मार्च, रविवार

काल कंपनीतून पत्र आलं. निरीक्षकाच्या जागेसाठी माझं नाव वर गेलंय. निकाल लागला की गुणपत्रिका जोडायची, एवढंच. साहेब हात मिळवून म्हणाले, "पास तर होशीलच की रे, एक तर पेपर राहिलाय."

बायकोचं मत स्पष्ट. "लिहा पूल. कोणाचं काय जातंय? कोणी अडकणार आहे का त्यात?"

बरोबर आहे तिचं. पुस्तकात कोणी अडकत नाही. मीही ठरवलं, पूल लिहायचा. गाइडची अडीच पानं पाठ करायला घेतली. हाताला लागत नाही असं काहीतरी आहे त्यात, दोन ओळी पाठ होतात आणि तिसरीला कोट खुंटीवर जातो.

भाजी निवडता निवडता बायकोने विचारलं, "पण त्या म्हाताऱ्याने कोट काढला कशासाठी?"

"दिलेलं नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? पुस्तकात नाही म्हणजे नाही."

तिने दुसरी जुडी ओढली. मग म्हणाली, "त्याने मुलाला कधी विचारलं होतं का, की बाबा रे, कोर्टात तू असं का बोललास?"

"नाही. विचारायचं काय? सगळ्यांसमोर बोलला ना तो."

"आणि तुम्ही भाऊजींना?"

आता कादंबरीत भाऊजी कुठून आले? मी म्हटलं, वहीत त्याची सही होती आणि तो तिथे गेला नव्हता, यात विचारण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "मी काही सांगणार नाही. विचारायचं तुम्ही." हे वाक्य ती चार वर्षं ऐकवते आहे. बायकांचं असंच, एका वाक्याला धरून बसायचं. अभ्यासाचा पुरता विचका झाला.

९ मार्च

पाठ झाला पूल, एकदाचा. बायकोला धडाधड म्हणून दाखवला. "छान," म्हणाली, आणि उठून गेली.

१२ मार्च, गुरुवार

पेपर झाला.

पहिलाच प्रश्न, वीस गुण, सक्तीचा: "पुलावरील भेटीच्या प्रसंगातून पित्याचे हृदयपरिवर्तन स्पष्ट करा." वर्गभर सुटकेचे श्वास ऐकू आले. पुढच्या बाकावरून नर्सबाईंनी वळून मला डोळ्यांनीच सांगितलं, लिहा.

मी लिहायला लागलो. "तीस वर्षांच्या दुराव्यानंतर वृद्ध पिता आपला कोट घेऊन थरथरत पुलाकडे निघतो." इथवर लिहिलं आणि हात चालेना. पेन ठीक होतं. मी स्वतःला शिव्या दिल्या, निरीक्षकाची खुर्ची आठवली, बायको आठवली. मग ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, "पुलावर भेट होत नाही. बाप कोट घालतो आणि काढून ठेवतो."

बरं, हे दोन ओळींत संपलं. वीस गुणांना दोन ओळी कशा देणार? म्हणून कोट का काढला ते लिहायला घेतलं. आणि काय झालं माहीत नाही, थांबताच येईना. दोन पुरवण्या घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

जसं आठवतं तसं इथे लिहून ठेवतो. लिहिलं की, बापाच्या हातात कोर्टाचा कागद आहे. मुलगा आपल्याविरुद्ध बोलला हे त्यात छापलेलं आहे. ज्याच्या हातात कागद असतो तो विचारत नाही. पुलावर जायचं तर त्याला विचारावं लागलं असतं, आणि विचारायची त्याला भीती वाटली. मुलगा खोटं सांगेल याची नाही. तो काहीतरी खरं सांगेल, चांगलं सांगेल, आणि मग मधली तीस वर्षं कुठे ठेवायची, याची. त्यापेक्षा कोट काढून शेगडीपाशी बसणं सोपं. आणि लोक त्याला करारी म्हणतात, तो करारी वगैरे काही नाही, तो घाबरट आहे.

घंटा झाली तेव्हा शेवटचा प्रश्न तसाच राहिला होता. म्हणजे तोही गेला.

हे सगळं मला कुठून सुचलं कळत नाही. गाइडमध्ये नाही, बाईंच्या वहीत नाही, पुस्तकातही नाही. उगाच शहाणपणा केला. बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. नर्सबाईंनी विचारलं, "लिहिलात ना पूल?" मी मान हलवली. कोणत्या दिशेला हलली मलाच सांगता येणार नाही.

१५ मार्च

बायको विचारते, कसा गेला. मी म्हणतो, गेला.

२३ एप्रिल

निकाल लागला. सदतीस.

तीन गुण! पूल लिहिला असता तर पन्नासच्या वर गेलो असतो. नर्सबाई एकसष्ट. पहारेकरी, ज्याने पुस्तक विकतसुद्धा घेतलं नाही, चोपन्न. मी सहाशे चाळीस पानं दीड वेळा वाचली, सदतीस. ही कसली परीक्षा म्हणायची? भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरेरे," आणि दुसऱ्याच फायलीत बघायला लागले. जागा माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्याला गेली. त्याला मीच दोर ओवायला शिकवला होता.

बाईंचा फोन आला होता. आधी हवापाण्याचं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "पूल नाही लिहिलात." मी म्हटलं, नाही. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या की जूनपासून नवीन कादंबरी आहे आणि ती त्यांनी वाचायला घेतली आहे. आता माझ्या काय उपयोगाची?

संध्याकाळी बायकोपुढे सगळं ओकलो. एवढं काय लिहिलंत त्या प्रश्नाला, असं तिने विचारलं, म्हणून ही वही काढून बारा मार्चचं पान तिला वाचून दाखवलं. ती ऐकत होती. मी थांबलो तर म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. "कागद असतो तो विचारत नाही" या ओळीपाशी मला वाचता येईना. पाणी प्यायलो, परत सुरू केलं, परत तिथेच अडकलो.

तिने वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली. मी म्हटलं, "बोल ना." ती उठून ताटं वाढायला गेली.

२६ एप्रिल, रविवार

सकाळी एकटाच निघालो. बायकोला म्हटलं, पत्ता दे. तिने कागदावर लिहून दिला, कुठे वळायचं तेही.

सहावा मजला. लिफ्टवर पाटी, बंद आहे. जिना चढलो. चौथ्या मजल्यावर दम लागला, पाचव्यावर परत फिरावंसं वाटलं. खोटं नाही लिहीत, वळलो होतो. चार पायऱ्या उतरलोसुद्धा. मग पुन्हा चढलो.

दार धाकट्यानेच उघडलं. केस पिकलेत त्याचे. मला बघून घाबरला. "दादा? वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे." मी तिथेच उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारलं, आत गेलो असतो तर विचारलं नसतं. "त्या दिवशी तू कुठे होतास?"

कोणत्या दिवशी, असं त्याने विचारलं नाही. दार धरून उभा राहिला. आतून त्याची बायको डोकावली, मला बघितलं आणि परत आत गेली.

"दवाखान्यात," तो म्हणाला. "हिचं मूल गेलं त्या दिवशी. तिसऱ्यांदा. पाचवा महिना होता. कोणाला सांगितलंच नव्हतं आम्ही, आधी दोनदा सांगून तसंच झालं होतं ना. सही मी दुसऱ्या दिवशी केली, दादा. करायला नको होती. डोकं ठिकाणावर नव्हतं. वाटलं, उद्या जाऊन बघून येईन. उद्या पण तिथेच गेला."

"मला सांगायचं होतंस."

"सांगणार होतो. तुझ्या घरी यायला निघालो होतो. तेवढ्यात साहेबांनी बोलावून तुझा अहवाल वाचून दाखवला." मग तो म्हणाला, "वहिनी होती तिकडे दोन दिवस. हिच्याजवळ. तिला मी शपथ घातली होती."

ते दोन दिवस बायको बहिणीकडे गेली आहे असं मी समजत होतो. आल्यावर तिला साधं विचारलंही नव्हतं की बहीण कशी आहे.

तो म्हणाला, "आत ये. सहा मजले चढून आलायस." मी आत गेलो. त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. मला तिची माफी मागायची होती आणि मी नुसताच ग्लास धरून बसलो. शेवटी तीच म्हणाली, "जेवून जा, दादा." जेवलो. काय जेवलो आठवत नाही.

घरी येऊन हे लिहायला बसलोय. आमच्या अहवालात शेवटचा रकाना असतो, "कारण." एका ओळीचीच जागा असते. त्या दिवशी मी तिथे "निष्काळजीपणा" असं लिहिलं होतं. कोणालाही न विचारता. खाली माझी सही आहे.